विषाचा उतारा संगणकावर तयार. पण नरडाण्याच्या शेतापर्यंत कधी?

मृगाचा पाऊस पडला की खान्देशातल्या सरकारी दवाखान्यांत दोन वस्तूंची मोजदाद सुरू होते: सलाइनच्या बाटल्या आणि सर्पदंशाच्या लशीच्या कुप्या. पेरणी, निंदणी आणि पुढे कापसाची वेचणी हा शेतकऱ्याचा बांधावर वावरण्याचा काळ असतो, आणि बिळात पाणी शिरल्याने साप बाहेर पडण्याचाही. नरडाणा, शिंदखेडा, शिरपूर या पट्ट्यात असे एकही वर्ष जात नाही की रात्री पाणी भरायला गेलेल्या माणसाला साप चावल्याची बातमी आली नाही.

या जुन्या दुखण्याशी निगडित तीन बातम्या ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५ या चार महिन्यांत आल्या. वर्तमानपत्रांत त्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या, म्हणून त्यांचा एकमेकींशी संबंध फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना जाहीर झाले. विषय होता प्रथिनांची रचना ओळखणे आणि नवी प्रथिने घडवणे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार म्हणून जाहीर करण्यास सांगितले. आणि जानेवारी २०२५ मध्ये याच बेकर यांच्या प्रयोगशाळेने डेन्मार्कमधील टिमोथी जेनकिन्स यांच्या गटासोबत 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला: नागवर्गीय सापांच्या विषातील जीवघेण्या घटकांना निकामी करणारी, निसर्गात कुठेही नसलेली प्रथिने त्यांनी संगणकावर घडवली होती.

हे आमच्या भागासाठी किती महत्त्वाचे आहे, यातले किती खरे आणि किती अजून दूरचे, हे समजून घ्यायचे तर आधी विष म्हणजे काय ते पाहू.

विष म्हणजे आकाराचा खेळ

सापाचे विष हे प्रामुख्याने अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडे आठवते. पण शरीरातले प्रत्येक प्रथिन हे एक छोटे यंत्र असते. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी एका माळेत ओवलेले असतात आणि ती माळ ठरावीक पद्धतीने घड्या घालून एक विशिष्ट आकार घेते. काम त्या आकारावर अवलंबून असते. सातपुड्याच्या पायथ्याशी आढळणारा सिकलसेल हा आजार याचे आपल्या घरचे उदाहरण. हिमोग्लोबिनच्या १४६ मण्यांच्या एका साखळीतला सहावा मणी बदलतो, तेवढ्याने रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि माणूस आयुष्यभर वेदना सोसतो.

नागाच्या विषातले एक प्रमुख कुटुंब 'तीन बोटांची विषे' या नावाने ओळखले जाते. साठ-सत्तर मण्यांचे हे प्रथिन हाताची तीन बोटे पुढे काढावीत तसे दिसते. मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा 'आकुंचन पाव' हा निरोप स्नायूवरच्या ज्या ग्राहकावर पोहोचतो, नेमके त्याच जागी हे बोट जाऊन बसते. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी, तसे. मग पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. याच कुटुंबातली काही विषे पेशींची आवरणे फाडतात. नाग चावलेल्या जागी कातडी काळी पडून झडते, त्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

घोणस आणि फुरसे यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या विषातली विकरे रक्त गोठण्याची यंत्रणा उधळून लावतात. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडही निकामी होऊ शकते. मण्यारीच्या विषातला एक घटक तर स्नायूपर्यंत न थांबता मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतो. ती इजा एकदा झाली की उतारा दिला तरी लगेच भरून येत नाही. रुग्णाला काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.

म्हणजे चार सापांची चार तऱ्हेची हत्यारे आहेत, आणि प्रत्येक हत्याराचा आकार निराळा आहे. तो आकार नेमका कळला तर त्यावर बसणारे झाकण तयार करता येईल, हा या सगळ्या संशोधनाचा गाभा.

आकार कसा दिसतो?

प्रथिन इतके लहान असते की साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी आडवाटा शोधल्या. पहिली वाट अशी, की शुद्ध प्रथिनाचे मिठाच्या खड्यासारखे स्फटिक बनवायचे, त्यातून क्ष-किरण सोडायचे आणि विखुरलेल्या ठिपक्यांच्या नक्षीवरून आकार ताडायचा. मॅक्स पेरुट्झ यांना हिमोग्लोबिनची रचना अशी उलगडायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. १९६२ मध्ये त्यांना आणि जॉन केंड्र्यू यांना नोबेल मिळाले. मधुमेहींच्या रोजच्या ओळखीचे इन्सुलिन डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये उलगडले, त्या गटात पुढे बंगळुरूत नाव कमावलेले एम. विजयन होते. भारताचा यातला वाटा त्याआधीचाही आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रथिनाची माळ कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही, याचा नकाशा मांडला. आज जगात कोणीही प्रथिनाची रचना मांडली की ती आधी 'रामचंद्रन आलेखा'वर तपासली जाते.

ही विद्या आपल्यापासून फार दूरही नाही. नरडाण्यावरून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग सातपुडा ओलांडून इंदूरला पोहोचतो. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडस-२' या यंत्रावर प्रथिनांच्या स्फटिकांचा क्ष-किरणांनी अभ्यास करण्याची सोय भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली आहे.

पण सगळ्याच प्रथिनांचे स्फटिक बनत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या वाटा आल्या. एक चुंबकीय अनुनादाची. दुसरी, प्रथिन अतिशय थंडीत क्षणात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची. या पद्धतीला २०१७ चे नोबेल मिळाले. कोरोनाच्या विषाणूवरील काट्यासारख्या प्रथिनाचा आकार फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे साथ नुकतीच पसरत असताना, याच पद्धतीने जगासमोर आला.

या साऱ्या मेहनतीतून मिळालेल्या रचना १९७१ पासून एका जागतिक कोशात जमा होत आहेत. सुरुवात सात रचनांनी झाली, आज त्या दोन लाखांच्या पुढे गेल्या आहेत. हा कोश शिकवणीसाठी वापरून हसाबिस आणि जम्पर यांच्या गटाने 'अल्फाफोल्ड' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली तयार केली. मण्यांचा क्रम दिला की ती आकाराचा अंदाज सांगते. २०२० मधल्या जागतिक स्पर्धेत तिचे अंदाज अनेक प्रथिनांच्या बाबतीत प्रयोगाच्या जवळपास पोहोचले आणि २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांसाठी खुले झाले. हे अंदाज आहेत, हे मात्र विसरू नये. सांध्याचा एक्स-रे पाहिला म्हणून रुग्ण कसा चालतो ते कळत नाही. तसेच आकार कळला म्हणून औषध तयार होत नाही.

ओळखण्याकडून घडवण्याकडे

बेकर यांचे काम याच्या उलट दिशेने चालते. हवा तो आकार आधी ठरवायचा आणि तो घेईल असा मण्यांचा क्रम शोधायचा. २००३ मध्ये त्यांच्या गटाने 'टॉप-७' हे ९३ मण्यांचे, निसर्गात नसलेल्या घडीचे प्रथिन बनवून दाखवले. आता त्याच कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. एक प्रणाली विषाच्या बोटावर घट्ट बसेल असा सांगाडा सुचवते, दुसरी त्या सांगाड्यासाठी मण्यांचा क्रम लिहिते, आणि अल्फाफोल्ड तो क्रम खरोखर तसाच घडी घालेल का हे तपासते. यातून निवडलेली मोजकी प्रथिने प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतली जातात.

सर्पविषावरच्या प्रयोगात अशी घडवलेली प्रथिने विषाच्या घटकांना घट्ट चिकटली. मज्जातंतूवर मारा करणाऱ्या विषघटकाचा प्राणघातक डोस दिलेल्या उंदरांमध्ये डोस आणि घटक यानुसार ८० ते १०० टक्के उंदीर वाचले. प्रथिने लहान असल्याने ऊतींमध्ये लवकर शिरतील, उष्णतेत टिकतील आणि घोड्यांऐवजी टाक्यांमध्ये बनवता येतील, ही त्यामागची आशा.

अशी 'हाताने दुरुस्त केलेली' प्रथिने माणसाच्या शरीरात जाणे नवे नाही. जेवणाआधी लगेच घ्यायचे लिस्प्रो इन्सुलिन हे दोन मण्यांची अदलाबदल करून बनवलेले, १९९६ पासून वापरात असलेले औषध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होवॅक्स लशीतही विषाणूच्या काट्याचा आकार टिकून राहावा म्हणून त्याचे काही मणी मुद्दाम बदललेले होते. म्हणजे या विद्येला प्रयोगशाळेतून टोचणीपर्यंतचा रस्ता माहीत आहे, आणि हा रस्ता महाराष्ट्रातूनही जातो.

आजचा उतारा कसा बनतो?

आपण ज्याला सर्पदंशाची लस म्हणतो ती खरे तर लस नाही, उतारा आहे. लस आजाराआधी देतात. हा दंशानंतर, तोही विषबाधेची लक्षणे दिसल्यावरच द्यायचा असतो. सापाचे विष थोड्या थोड्या प्रमाणात घोड्यांना टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, ती वेगळी करून शुद्ध केली जातात. पद्धत १८९० च्या दशकातली आहे आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. मुंबईच्या परळमधील हाफकिनचे नाव या कामाशी पिढ्यान् पिढ्या जोडलेले आहे. त्यांचे घोडे पुण्याजवळ पिंपरीला असतात.

या उताऱ्याने लाखो जीव वाचवले आहेत आणि आजही दुसरा पर्याय नाही, हे ठामपणे सांगायला हवे. पण त्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत.

पहिली मर्यादा, तो नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच सापांच्या विषावर बनतो, आणि त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळोवेळी दाखवले आहे. दक्षिणेतल्या सापाच्या विषावर बनलेला उतारा सगळीकडे सारखाच चालेल असे नाही.

दुसरी मर्यादा, तीन बोटांची विषे इतकी लहान असतात की घोड्याचे शरीर त्यांच्याकडे पुरेसे लक्षच देत नाही. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तुलनेने कमी बनतात. म्हणून कुप्या जास्त लागतात. सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या द्याव्या लागतात, आणि त्या लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

तिसरी मर्यादा, घोड्याचे प्रथिन माणसाला परके. काहींना तीव्र ॲलर्जी होते, रक्तदाब कोसळतो. म्हणून अॅड्रिनलिन भरून हाताशी ठेवल्याशिवाय हा उतारा सुरू करत नाहीत. या भीतीपोटी काही ठिकाणी पहिली कुपीही न देता रुग्णाला पुढे पाठवले जाते, आणि रस्त्यातच वेळ निघून जातो.

मग नवा उतारा कधी?

घाईने उत्तर देणे बरोबर नाही. उंदरांवरचा प्रयोग शुद्ध केलेल्या एकेका विषघटकावर होता. खऱ्या दंशात डझनावारी घटक एकदम शरीरात जातात. घोणस आणि फुरशाची विषे या यशात नाहीत, आणि मण्यारीचा मज्जातंतूला इजा करणारा घटकही नाही. माणसांवरच्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत. घडवलेल्या प्रथिनाविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिकार करील का, लहान आकारामुळे ते मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडून विष पुन्हा उसळेल का, हे प्रश्न आहेत. बहुधा पहिल्या टप्प्यात अशी प्रथिने घोड्याच्या उताऱ्याला जोड म्हणून येतील, त्याची जागा घेणार नाहीत.

याहून मोठा प्रश्न आपल्या बाजूचा आहे. संगणक त्याच विषावर झाकण बनवू शकतो, ज्याचा क्रम आणि आकार त्याला दिलेला आहे. तापीकाठच्या घोणशीच्या विषात नेमके कोणते घटक किती प्रमाणात आहेत, हे कोणी मोजून ठेवले नाही, तर जगातला सर्वांत हुशार संगणकही आपल्यासाठी काही बनवणार नाही. तो ज्यांची माहिती उपलब्ध आहे त्यांच्यासाठी बनवील.

इथे नोव्हेंबर २०२४ च्या त्या पत्राचे महत्त्व कळते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. सरकारी नोंदींत मात्र त्यांचा लहानसा भागच दिसायचा, कारण अनेक जण भगताकडे, खासगी दवाखान्यात किंवा वाटेतच गेले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. नोंदच नसेल तर निम्मे कशाचे करणार? प्रत्येक दंशाची नोंद झाली, कोणत्या गावात, कोणत्या वेळी, कोणता साप, किती कुप्या लागल्या, हे लिहिले गेले, तरच कुप्या कुठे ठेवायच्या आणि विषाचे नमुने कुठून घ्यायचे ते ठरेल. कागदावरचा हा रकाना भरण्याचा कंटाळा आम्हा डॉक्टरांना असतो. पण पुढचा उतारा याच रकान्यातून निघणार आहे.

तोपर्यंत जीव कशाने वाचतील?

तीन गोष्टींनी, आणि त्यांतल्या एकीलाही कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही.

पहिली, दिवसाची वीज. शेतीपंपाला रात्री वीज मिळते म्हणून माणूस रात्री बांधावर जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे उद्दिष्ट दिवसा वीज देण्याचे आहे. ती ऊर्जा खात्याची योजना म्हणून मोजली जाते. माझ्या मते ती खान्देशातली सर्पदंश प्रतिबंधाची सर्वांत मोठी योजना ठरू शकते. सर्पदंशाने शेतकरी दगावला तर कुटुंबाला दोन लाखांचे अनुदान मिळते. त्याआधी त्याला दिवसा पाणी भरू देणे जास्त स्वस्त आहे.

दुसरी, जवळच्या केंद्रात पहिला डोस. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही तर घोणस-फुरशाची विषबाधा समजायची. या तपासणीला यंत्र लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात उतारा, अॅड्रिनलिन आणि ती काचेची नळी असली, आणि तिथल्या डॉक्टरला पहिला डोस देऊन मगच धुळ्याला पाठवण्याचा आत्मविश्वास असला, तर कित्येक जीव वाचतील. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून ग्रामीण दवाखान्यातूनच जगाला वाट दाखवली होती, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट वाचकांच्या हातातली. साप चावला तर आवळून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या, बांगड्या, कडे काढा. हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. साप मारायला किंवा पकडायला वेळ घालवू नका. आणि एक खास सूचना: जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागले, घसा आवळल्यासारखा वाटला, पापण्या मिटू लागल्या, तर चाव्याची खूण दिसत नसली तरी मण्यारीचा संशय धरा. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा तिच्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

संगणकावर घडलेला उतारा येईल. तो कधी येईल हे चाचण्या ठरवतील. तो आला की नरडाण्याच्या केंद्रापर्यंत पोहोचेल का, हे मात्र आपण आज ठेवत असलेल्या नोंदी, आपल्या सापांच्या विषाचा आपणच केलेला अभ्यास आणि हाफकिनसारख्या सार्वजनिक संस्थांना दिलेले बळ यांवर ठरेल. घोड्याच्या उताऱ्याला सव्वाशे वर्षे झाली, तरी प्रत्येक केंद्रात तो पावसाळाभर असेल याची हमी आपण अजून देऊ शकलो नाही. नव्या उताऱ्याच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नसेल, तर तयारी या पावसाळ्यापासूनच करावी लागेल.